जोडकाम : प्रस्तावना

वर्डप्रेसवर मराठी लेखाचा पत्ता विसाव्या-बाविसाव्या चिन्हाला तुटतो. आमच्या ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. लहानपणच्या शेतावर त्यांनी एक लेख लिहिला आणि त्याला शीर्षक दिलं ‘आजोबांच्या विहिरीवरची मोट’. लेख प्रसिद्ध झाला, पण ब्राउझरच्या पट्टीत पत्ता उमटला तो ‘आजोबांच्या-विहिरीवरची-मो’. बाईंनी फोन करून विचारलं, “अरे, माझा ट कुठे गेला?” तीस वर्षं शुद्धलेखनाच्या वह्या तपासलेल्या माणसाला अर्धा शब्द उघड्यावर पडलेला बघवत नाही. त्या ‘ट’च्या शोधात मी माझं पहिलं प्लगिन लिहिलं.

कारण सापडायला दोन रात्री लागल्या. वर्डप्रेस लेखाचा पत्ता डेटाबेसच्या ज्या रकान्यात ठेवतं, त्याची रुंदी २०० आहे. इंग्रजी शीर्षकाला ती भरपूर होते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह मात्र यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतं आणि पत्त्यात यातला एकेक बाइट टक्क्याची खूण व तिच्यापुढे दोन अक्षरं असा तीन जागांवर मांडला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. चिन्ह म्हणजे आपण उच्चारतो ते पूर्ण अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘आजोबांच्या’ या शब्दात अशी दहा चिन्हं आहेत, ‘विहिरीवरची’मध्ये आणखी दहा. त्यांच्या झाल्या १८० जागा, शब्दांमधल्या दोन आडव्या रेघांच्या २, आणि उरलेल्या १८ जागांत ‘म’ आणि त्याची मात्रा बसली. बरोबर २०० भरले. ‘ट’ बाहेर राहिला.

ज्यांनी ही रुंदी ठरवली त्यांच्या मनात कोणाबद्दल काही वावगं नव्हतं. देवनागरीत शीर्षक लिहिणारं कोणी तेव्हा त्यांच्यासमोर बसलेलं नव्हतं, एवढंच. लहान भाषिक गटासाठी प्लगिन आणि थीम बनवण्याचं काम मला नेहमी इथून सुरू होताना दिसतं. मोठ्या, चांगल्या, मनापासून केलेल्या एखाद्या गोष्टीत आपल्या मापाची जागा राहिलेली नसते आणि ती आपण करून घ्यायची असते.

हे पुस्तक त्या जागा करून घेण्याबद्दल आहे. आमच्या गटात चाळीसच्या आसपास लिहिणारे आहेत. कोणी पुण्यात, कोणी साताऱ्यात, नागपुरात, फोंड्याला, दोघं-तिघं परदेशात. कोणी पाककृती लिहितं, कोणी किल्ल्यांवरची भटकंती, एक जण फक्त एसटीच्या प्रवासाबद्दल लिहितो. या चाळीस जणांसाठी गेल्या काही वर्षांत जी लहान-लहान प्लगिनं आणि दोन थीम्स तयार झाल्या, त्या कशा बनवल्या, कुठे चुकल्या आणि अजून कशा सांभाळतो, हे पुढच्या पानांत आहे.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. २००१ मध्ये मिशेल वाल्द्रिगी याने बी२ नावाचं ब्लॉग लिहिण्याचं सॉफ्टवेअर पीएचपी भाषेत लिहिलं. पुढे त्याचं त्यावरचं काम थांबलं. ते वापरणाऱ्या मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तोच कोड हाती घेऊन २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. बी२ हे जीपीएल या मुक्त परवान्याखाली असल्यामुळे त्यांना ते करता आलं. थांबलेलं काम दुसऱ्या कोणीतरी उचललं, यातूनच वर्डप्रेस जन्माला आलं. माझ्या दृष्टीने ही त्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मे २००४ मधल्या १.२ या आवृत्तीत प्लगिनची सोय आली. त्याच महिन्यात मूव्हेबल टाइप या तेव्हाच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरने परवान्याच्या अटी बदलल्या आणि पुष्कळ लिहिणारे वर्डप्रेसकडे वळले. फेब्रुवारी २००५ च्या १.५ आवृत्तीत थीम्स आल्या. प्लगिनची कल्पना समजायला मला आमच्या जुन्या घरातल्या खुंट्या उपयोगी पडल्या. भिंत बांधतानाच गवंड्याने जागोजागी लाकडी खुंट्या बसवून ठेवल्या होत्या. कंदील, छत्री, टोपी, पिशवी, ज्याला जे अडकवायचं ते त्याने अडकवावं. भिंत फोडायला नको. वर्डप्रेसच्या कोडमध्ये अशा शेकडो खुंट्या आहेत, त्यांना हुक म्हणतात. लेख साठवला जात असताना, पान दाखवलं जात असताना, शीर्षकाचा पत्ता तयार होत असताना वर्डप्रेस त्या त्या खुंटीपाशी थांबून विचारतं, इथे कोणाला काही करायचं आहे का? काही करायचं असेल तर ती ॲक्शन, जाणाऱ्या मजकुरात बदल करून पुढे द्यायचा असेल तर तो फिल्टर. आणि थीम म्हणजे त्याच घराचा दर्शनी भाग.

मराठी लिहिणारे या घरात आले ते बरीच दगदग सोसून. त्याआधी प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा स्वतःचा फॉन्ट असे, तो उतरवून घेतला नाही तर पानावर रोमन अक्षरांचा कचरा दिसे. युनिकोड आल्यावर एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येऊ लागलं. कोणी बरहा या सॉफ्टवेअरमध्ये टंकून मजकूर चिकटवत होतं, कोणी गमभनसारखी सोय वापरत होतं. ब्लॉगला अनुदिनी म्हणावं की जालनिशी यावर हिरिरीने वाद झाले. त्या काळात लिहिलेलं पुष्कळसं लेखन आज दिसत नाही. लेखकांनी ते काढून टाकलेलं नाही. त्याच्याखालचं तंत्र सरकलं आणि ते सांभाळणारं कोणी नव्हतं. प्लगिन सांभाळण्याला मी गंभीर काम मानतो ते यामुळे.

आता थीमकडे येतो, कारण मराठी लेखनाची सर्वांत जास्त नासधूस तिथे होते आणि ती करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. एखाद्या सुंदर तयार थीममध्ये शीर्षकांच्या अक्षरांत थोडं अंतर टाकलेलं असतं. रोमन अक्षरांना ते शोभतं. देवनागरीत त्याने शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. उपशीर्षकं लहान आकारात पण सगळी मोठ्या लिपीत दाखवायची, हीसुद्धा आवडती पद्धत. देवनागरीत मोठी लिपी नाही, त्यामुळे आपलं उपशीर्षक नुसतंच बारीक होऊन खालच्या मजकुरात बुडून जातं. दोन ओळींतलं अंतर रोमनच्या मापाने ठेवलं की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, मात्रा एकमेकांत घुसतात. चौकट घट्ट असेल तर ‘सर्वांनी’वरचा रफार आणि अनुस्वार छाटलेच जातात. आणि तिरपी अक्षरं. देवनागरीच्या छपाईत त्यांची परंपरा नाही आणि बहुतेक फॉन्टांत ती नसतातच, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरं ढकलून तिरपी करतो. उद्धृतांसाठी आम्ही थीममध्ये तिरपेपणा काढला आणि डाव्या बाजूला एक रेघ व किंचित समास दिला. दिसायला साधं, वाचायला कितीतरी सोपं.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं हिंदीतल्यापेक्षा वेगळी आहेत. युनिकोडमध्ये दोन्हींना क्रमांक एकच. काही चांगल्या फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात, पण त्यातलं मराठी वळण बाहेर काढायला पानाने स्वतःची भाषा मराठी असल्याचं सांगावं लागतं. वर्डप्रेसच्या थीममध्ये त्यासाठी एक तयार फंक्शन आहे, पानाच्या अगदी सुरुवातीला ते बोलवायचं असतं. मी उतरवून घेतलेल्या एका फुकट थीममध्ये ते न बोलावता भाषा सरळ इंग्रजी लिहून टाकलेली होती. ती एक ओळ बदलली आणि सगळ्या ब्लॉगवरचे ‘ल’ आणि ‘श’ शाळेत गिरवले तसे उमटले. बाईंना मी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “अक्षर सुधारलंय का रे काहीतरी?”

प्लगिनमध्ये चुका अधिक खोल असतात. लेखाचा पहिला तुकडा मुखपृष्ठावर दाखवणारी कितीतरी प्लगिनं मजकूर बाइट मोजून कापतात. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे तिथे चालतं. आपल्याकडे तीन बाइटांच्या चिन्हाचा मधूनच छेद जातो आणि तुकड्याच्या शेवटी काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह उमटतं. चिन्हं मोजून कापलं तरी पुरत नाही, ‘मी’चा ‘म’ होतो आणि ‘स्त्री’चा ‘स्’. मराठी शब्दांमध्ये जागा सोडते, त्याचा फायदा घ्यावा आणि शब्दावरच कापावं. वर्डप्रेस स्वतः तेच करतं, पंचावन्न शब्द मोजून. तयार गोष्ट हाताशी असताना आपण वेगळी का लिहितो, हा प्रश्न प्रत्येक प्लगिन लिहिणाऱ्याने स्वतःला विचारलाच पाहिजे.

शोधाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. ‘ॲ’चंही तसंच. ते स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीच्या लेखांत ‘अ’वर चंद्र चढवलेला आहे. कोणत्या कीबोर्डवर टंकलं त्यावर रूप ठरतं. परिणाम असा की एसटीबद्दल लिहिणाऱ्या आमच्या मित्राला स्वतःच्याच ब्लॉगवर स्वतःचाच लेख सापडेना, कारण जुना संगणक गेला आणि नव्यावरचा कीबोर्ड दुसरं रूप देत होता. सोपा उपाय होता, सगळ्या जुन्या लेखांमधलं एक रूप बदलून दुसरं करायचं. आम्ही तो केला नाही. लेखकाने लिहिलेला मजकूर तसाच ठेवून शोधणाऱ्याच्या शब्दाचीच दोन्ही रूपं तयार करून शोध घ्यायचा, असं प्लगिन केलं. प्लगिन उद्या बंद पडलं तर शोध पहिल्यासारखा अपुरा होईल, पण लेखनाचा कानामात्राही हललेला नसेल.

हा धडा मी फुकट शिकलो नव्हतो. बाईंचा ‘ट’ परत आणणारं ते पहिलं प्लगिन शीर्षकाच्या पत्त्याच्या खुंटीवर टांगलेलं होतं. नवा लेख लिहिताना लांब शीर्षक असेल तर ते लेखकाला दोन-तीन शब्दांचा छोटा पत्ता सुचवायचं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. मी उत्साहाने जुन्या सगळ्या लेखांचे तुटके पत्तेही थेट डेटाबेसमध्ये बदलून टाकले, बाईंच्या तीनशेहून अधिक लेखांचे. वर्डप्रेसच्या संपादनाच्या पानातून पत्ता बदलला तर ते जुना पत्ता लक्षात ठेवतं आणि येणाऱ्याला नव्याकडे पाठवतं. डेटाबेसमध्ये परस्पर बदलल्यावर त्याला ते कळण्याचा मार्गच नाही. इतरांनी आपल्या ब्लॉगवरून बाईंच्या लेखांकडे दिलेले सगळे दुवे एका रात्रीत मेले. जुन्या बॅकअपमधून पत्ते काढून, नव्या पत्त्यांशी एकेक जुळवून ते जिवंत करायला तीन आठवडे गेले. बॅकअप होता, कारण बाईंच्या भाच्याने हट्टाने तो घेऊन ठेवला होता.

दुसरी चूक आकड्यांची. पानावरचे सगळे रोमन आकडे देवनागरीत दाखवावेत अशी गटाची मागणी होती. लेखाचा मजकूर फिल्टरमधून जाताना मी त्यातले शून्य ते नऊ बदलून टाकले. पाच ओळींचा कोड. सगळे आकडे मराठी झाले आणि सगळी छायाचित्रं नाहीशी झाली. वर्डप्रेस छायाचित्रं वर्ष आणि महिन्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. माझ्या फिल्टरने चित्राच्या पत्त्यातलं २००९ सुद्धा देवनागरी करून टाकलं होतं आणि सर्व्हरवर त्या नावाचा फोल्डर नव्हता. या पुस्तकात त्या पाच ओळी मुद्दाम छापल्या आहेत, त्यांच्यापुढे दुरुस्त केलेल्या एकोणीस ओळीही.

आता सांभाळण्याबद्दल, ज्याला या क्षेत्रात सपोर्ट म्हणतात. माझ्या वेळेचा मोठा भाग त्यात जातो आणि मला ते कोड लिहिण्याइतकंच आवडतं. फोन येतो, “ब्लॉग पांढरा झालाय. मी काहीच केलेलं नाही.” सुरुवातीला मला वाटायचं, काहीतरी केलंच असणार. अनुभवाने कळलं की माणसं बहुतेक वेळा खरं सांगत असतात. त्यांनी काही केलेलं नसतं. त्यांच्याखालची जमीन हललेली असते. ऑक्टोबर २०१३ मधल्या ३.७ आवृत्तीपासून वर्डप्रेस लहान अपडेट्स स्वतःच बसवतं. होस्टिंगवाले रात्रीत पीएचपीची आवृत्ती वाढवतात. २०१५ च्या अखेरीस पीएचपी ७ आलं तेव्हा डेटाबेसशी बोलण्याची जुनी फंक्शन्सच त्यातून गेली आणि ती वापरणारी प्लगिनं जागच्या जागी कोसळली. ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ आवृत्तीने जेक्वेरीच्या जुन्या कोडला आधार देणारी फाइल डीफॉल्टने लावणं बंद केलं, तेव्हा आमच्या निम्म्या ब्लॉगवरची छायाचित्रांची सरकपट्टी थांबली. त्या आठवड्यात मला आलेल्या प्रत्येक निरोपात “मी काही केलं नाही” हे वाक्य होतं, आणि प्रत्येक ठिकाणी ते खरं होतं.

मराठी गटाची म्हणून काही खास दुखणीही असतात. एकाने थीमच्या तळाशी आपलं नाव मराठीत यावं म्हणून थीमची फाइल नोटपॅडमध्ये उघडली, नाव लिहिलं, साठवली. नोटपॅडने बजावलं, अशी साठवली तर काही अक्षरं जातील. म्हणून त्याने समजूतदारपणे यूटीएफ-८ निवडलं. त्या काळच्या विंडोजमधलं नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटांची अदृश्य खूण घालत असे. पीएचपीच्या आधी आलेली ती खूण ब्राउझरकडे आगाऊ निघून जाते आणि मग वर्डप्रेसला लॉगिनची कुकी पाठवता येत नाही. त्या गृहस्थांना चार दिवस स्वतःच्या ब्लॉगमध्ये शिरता येत नव्हतं. त्यांनी सगळं बरोबर केलं होतं. फाइल कुठल्याही संपादकात उघडली तरी चूक दिसत नव्हती. अशा वेळी समोरच्याला ‘तुमच्याकडून काही चुकलं नाही’ हे पहिल्या वाक्यात सांगणं, ही दुरुस्तीची पहिली पायरी असते. घाबरलेलं माणूस फाइली पुसतं.

जुन्या ब्लॉगचं होस्टिंग बदलताना सगळा मजकूर टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांत बदलणं, हेही नेहमीचं. मे २००७ मधल्या २.२ आवृत्तीआधी वर्डप्रेसला डेटाबेसची अक्षरपद्धत नीट सांगण्याची सोय नव्हती. मराठी मजकूर लॅटिन समजून साठवला जाई आणि तसाच परत वाचला जाई, त्यामुळे वर्षानुवर्षं काही बिघडलेलं दिसत नसे. हलवाहलव झाली की ते उघडं पडतं. टोप्यांची अक्षरं दिसली तर धीर धरा, मजकूर शाबूत आहे आणि परत मिळवता येतो. नुसती प्रश्नचिन्हं दिसली आणि जुना सर्व्हर बंद झालेला असला, तर तो मजकूर गेला. ही दोन दृश्यं वेगळी ओळखता येणं, एवढ्यासाठी कोणी हे पुस्तक घेतलं तरी मला समाधान आहे.

सुरक्षेचं प्रकरण छोटं ठेवलं आहे, पण त्यातली एक गोष्ट इथेच सांगतो. ऑगस्ट २०११ मध्ये टिमथंब नावाच्या, छायाचित्रं लहान करणाऱ्या एका पीएचपी फाइलमध्ये मोठं भगदाड सापडलं. ही फाइल असंख्य थीम्सच्या पोटात होती आणि ज्यांच्या ब्लॉगवर ती होती त्यांना तिचं नावही ठाऊक नव्हतं. दुसऱ्याचा कोड आपल्या थीममध्ये घातला की त्याच्या दुखण्याची जबाबदारी आपली होते. आणि उलट बाजूने, आपलं प्लगिन दुसऱ्याच्या हाती देतानाही. २०१७ मध्ये सुमारे दोन लाख ठिकाणी चालणारं डिस्प्ले विजेट्स हे प्लगिन विकलं गेलं आणि नव्या मालकाच्या हाती गेल्यावर त्यातून लोकांच्या ब्लॉगवर परस्पर जाहिरातीची पानं घुसवणारा कोड बाहेर पडला.

पैशांबद्दल आमच्या गटात पुष्कळ बोलणं झालं. मी हे काम फुकट करतो. त्याला कोणीतरी कौतुकाने बलुतेदारीची उपमा दिली होती: गावचा सुतार वर्षभर नांगर-तिफण दुरुस्त करतो आणि सुगीला खळ्यावरून आपलं धान्य नेतो. उपमा जवळची आहे, तरी मला ती स्वीकारता येत नाही. त्या सुताराला नाही म्हणायची मुभा नव्हती आणि त्याच्या मुलालाही नव्हती. लहान गटातलं फुकट काम नकळत तसं होऊ लागतं. लोक दुष्ट असतात म्हणून नव्हे, तर एकाच माणसाला सगळं माहीत असतं म्हणून. माझ्या वडिलांच्या आजारपणात मी दोन महिने उत्तरं देऊ शकलो नाही आणि त्या दोन महिन्यांत तीन ब्लॉग बंद पडून राहिले. त्यानंतर आम्ही रविवारी सकाळची वेळ ठरवली, प्रत्येक प्लगिनला दोन सांभाळणारे नेमले आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद साध्या मराठीत लिहायला सुरुवात केली. त्या नोंदी म्हणजे या पुस्तकाचा कच्चा माल आहे. मुक्त परवान्याचा खरा अर्थ मला तेव्हा कळला. वाल्द्रिगीचं काम मुलेनवेग आणि लिटल उचलू शकले, तसं माझं काम सांगलीची एक मुलगी आज उचलते आहे, आणि तिचा कोड माझ्यापेक्षा नेटका आहे.

एक प्रसंग मात्र मला मुळापासून बदलून गेला. बाईंनी गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. ओवीच्या ओळी, कोणी सांगितली, कुठल्या गावची, हे नीट मांडता यावं म्हणून मी त्यांना एक शॉर्टकोड करून दिला. शॉर्टकोड म्हणजे लेखात चौकोनी कंसात लिहायचा संकेत. मार्च २००८ च्या २.५ आवृत्तीपासून ही सोय आहे. पान दाखवताना प्लगिन त्या संकेताच्या जागी सजवलेली ओवी ठेवतं. बाईंना ते फार आवडलं, सहा वर्षं त्यांनी ते वापरलं. मग ओव्यांचं पुस्तक करायचं ठरलं. भाच्याने ब्लॉगवरचा सगळा मजकूर उतरवून कऱ्हाडच्या एका डीटीपीवाल्याला दिला. दोन दिवसांनी डीटीपीवाल्याचा मला फोन आला, “साहेब, प्रत्येक ओवीच्या मागेपुढे चौकोनी कंसात काहीतरी लिहिलंय. ते छापायचं का काढायचं? आणि सांगणारीचं नावही कंसाच्या आतच आहे, कंस काढला की नाव जातंय.”

ओव्या सांगणाऱ्या बायकांची नावं मी माझ्या प्लगिनच्या पोटात अडकवून ठेवली होती. प्लगिन चालू होतं तोवर ती सुंदर दिसत होती. त्याच्याबाहेर ती लेखनाचा भाग राहिलीच नव्हती. वर्षानुवर्षं आम्ही ‘काय जोडता येईल’ एवढंच बघत आलो होतो. जोडलेलं काढलं तर काय उरेल, हे मी कधी तपासलंच नव्हतं. मग एक नवं प्लगिन लिहिलं, ज्याचं काम एकदाच चालून प्रत्येक शॉर्टकोडच्या जागी साधा परिच्छेद आणि खाली साध्या अक्षरांत नाव व गाव लिहायचं, एवढंच होतं. काम झाल्यावर ते काढून टाकलं. आता आमच्या गटात कोणतंही नवं प्लगिन आलं की आधी ते चाचणीच्या ब्लॉगवर बसवतो, दहा लेख लिहितो, मग ते पुसून टाकतो आणि ते दहा लेख उघडून वाचतो. थीमचीही तीच परीक्षा: थीम बदलली तर लेखकाचं काही हरवतंय का? लेखकाचा परिचय, लेखमालेचे क्रम, छायाचित्रांखालच्या ओळी थीमच्या सेटिंग्जमध्ये ठेवलेल्या असतील तर त्या थीमबरोबर जातात. त्यांची जागा लेखात आहे.

म्हणून या पुस्तकाचा क्रम नेहमीच्या पुस्तकांपेक्षा उलटा आहे. पहिलं प्रकरण प्लगिन पुसण्याबद्दल आहे, दुसरं बॅकअपबद्दल आणि पहिलं प्लगिन तुम्ही तिसऱ्या प्रकरणात लिहाल. कोड टंकण्याची घाई असलेल्यांना ते जड जाईल, पण पहिली दोन प्रकरणं वगळू नका. भाषांतराचं प्रकरण वेगळं आहे, कारण ‘अमुक यांनी लिहिलेलं’ हे वाक्य इंग्रजी क्रमाने तुकडे जोडून तयार केलं तर मराठीत कधीच नीट उभं राहत नाही, आणि प्लगिन लिहिणाऱ्याला हे पहिल्या दिवशी कळलं तर पुढच्या भाषांतरकाराचे आठवडे वाचतात. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीबरोबर आलेल्या ब्लॉक संपादकावर शेवटची चार प्रकरणं आहेत. गटातले ज्येष्ठ अजून जुना संपादक वापरतात, तो कसा चालू ठेवायचा तेही तिथेच आहे.

बाईंचं पुस्तक छापून झालं, नावांसकट. आणि त्या पहिल्या लेखाचं सांगायचं राहिलं. त्याला आता नवा, पूर्ण पत्ता आहे. पण पूर्वी कोणीकोणी आपल्या लेखांत जुना पत्ता दिलेला आहे, म्हणून त्याच्यासाठी एक ओळ आम्ही प्लगिनमध्ये ठेवली आहे. ‘आजोबांच्या-विहिरीवरची-मो’ हा पत्ता आजही चालतो. कोणी तो उघडला की समोर पूर्ण मोट येते.